वेल्सच्या किनाऱ्यावर आठवडाभर: फ्लॅट कुठे घ्यावा, डोंगर कधी बघावेत

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणारं चौघांचं कुटुंब, मुलं सहा आणि अकरा वर्षांची. पुण्याहून आजी-आजोबा आलेत, आजोबांचे गुडघे दुखरे. मासे मुलं आणि त्यांचे बाबा खातात, बाकीचे शाकाहारी. ऑगस्टमध्ये एक आठवडा समुद्राकाठचा, स्वयंपाकघर असलेला फ्लॅट हवाय, जवळ डोंगर हवेत, आणि स्नोडन, म्हणजे वेल्समधला सगळ्यात उंच डोंगर, करायचंच आहे. लँडुडनो घ्यावं, बारमथ की क्रिकिएथ?

मी चेस्टरला राहते आणि उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरच्या सुट्टीच्या फ्लॅट्सचं काम बघते. म्हणजे बुकिंग, किल्ल्या, शनिवारची साफसफाई आणि रात्री दहाला ‘गरम पाणी येत नाही’ म्हणून येणारे फोन. त्यामुळे हे उत्तर निसर्गापेक्षा जिने आणि शेगडीबद्दल जास्त बोलेल. तयारी ठेवा.

निर्णय आधी सांगते. गाडी असेल तर क्रिकिएथ किंवा शेजारचं पोर्थमाडोग. गाडी नसेल तर लँडुडनो, डोळे झाकून. आणि दोन्ही ठिकाणी स्नोडनचा हट्ट सोडून जा. आठवडा समुद्रावर बेता, डोंगराला त्यातला एखाददुसरा दिवस द्या, आणि तो दिवस कोणता हे घरून निघताना ठरवू नका.

कारण पाऊस. एरीरीतल्या (स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाचं हे मूळ वेल्श नाव, 2022 पासून उद्यानाचं प्राधिकरण हेच वापरतं) डोंगरांवर अटलांटिकवरून येणारे ढग थेट आपटतात. स्नोडनच्या (वेल्शमध्ये अर विद्वा) शेजारची क्रिब गॉखची धार ही ब्रिटनमधल्या सगळ्यात ओल्या जागांपैकी एक. वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वर त्यालाही मागे टाकतं, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो, इथे तो बाराही महिने वाटून येतो आणि ऑगस्ट त्याला अपवाद नाही. खाली किनाऱ्यावर मात्र त्याचा जेमतेम काही हिस्सा पडतो. अंबा घाटात धो-धो चालू असताना खाली रत्नागिरीत ऊन असावं, तसलाच हा प्रकार. क्रिकिएथच्या वाळूवर मुलं चड्डीत खेळताहेत आणि मागे अख्खा डोंगर ढगात गायब आहे, हे दृश्य इथे रोजचं. म्हणून मुक्काम समुद्राशी ठेवायचा आणि ढग उठले की डोंगराकडे जायचं. उलटं केलं, लानबेरिससारख्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात फ्लॅट घेतला, तर पावसाचे तीन दिवस खिडकीत बसून काढायची वेळ येते, आणि तेव्हा घरात सहा वर्षांचं मूल असतं.

आता गावं. लँडुडनो हे नीटस व्हिक्टोरियन गाव. लांबलचक चंद्रकोरीसारखा किनारा, 1877 साली खुला झालेला आणि वेल्समधला सगळ्यात लांब पिअर (समुद्रात शिरणारा, फिरायला जायचा धक्का), आणि ग्रेट ऑर्म नावाच्या टेकाडावर चढणारी 1902 सालची ट्राम, जी रस्त्याखालून दोराने ओढली जाते. समुद्रालगतचा रस्ता पूर्ण सपाट, जागोजागी बाकडी. आजोबांच्या गुडघ्यांना याहून चांगलं गाव या किनाऱ्यावर नाही. लंडनच्या युस्टनहून लँडुडनो जंक्शनपर्यंत थेट रेल्वेगाड्या आहेत, तीन-सव्वातीन तासांच्या. जंक्शनवरून डोंगरात शिरणारी कॉन्वी खोऱ्याची रेल्वे मिळते. तरी गाडी असताना मी लँडुडनो सुचवत नाही, कारण मुख्य किनारा दगडगोट्यांचा आहे. वाळू पाहिजे तर पश्चिमेच्या वेस्ट शोअरला जावं लागतं, आणि तिथे ओहोटीला पाणी इतकं आत जातं की बादली भरून आणेपर्यंत मुलाचा किल्ला वाळून जातो. शिवाय डोंगर तिथून मागे राहतात, गावात असताना त्यांची सोबत जाणवत नाही.

बारमथ मला स्वतःला सगळ्यात आवडतं. माउद्दाख नदीचं मुख, त्यावरचा 1867 सालचा लाकडी रेल्वेपूल, पलीकडे काडेर इद्रिस डोंगराची भिंत. पुलावरून पायी जाता येतं आणि पुढे जुन्या रेल्वेमार्गावरून डोल्गेल्लीपर्यंत सपाट सायकलवाट आहे, पंधरा किलोमीटरची. गावामागच्या डिनास ओलाय या टेकडीचा तुकडा 1895 मध्ये फॅनी टॅलबट नावाच्या बाईंनी नॅशनल ट्रस्टला (वारशाच्या जागा जपणाऱ्या संस्थेला) दिला, आणि ट्रस्टला मिळालेली ती पहिली जमीन. पण जुनं बारमथ म्हणजे कड्याला चिकटवलेली घरं. जाहिरातीत ‘समुद्राचा अप्रतिम देखावा’ लिहिलेलं असतं, आणि तो देखावा दगडी पायऱ्यांच्या तीन वळणांनंतर सुरू होतो. आजोबा एकदा वर चढले की संध्याकाळपर्यंत खाली उतरायचे नाहीत. तुमच्यासाठी बारमथ एका दिवसाच्या सहलीला ठेवा. क्रिकिएथहून किनाऱ्याकिनाऱ्याने रेल्वेच जाते, आणि त्या रेल्वेचा प्रवास हीच निम्मी सहल.

क्रिकिएथ छोटं आहे, थोडं म्हातारं आहे, रात्री नऊनंतर झोपतं. मधोमध समुद्रात घुसलेल्या खडकावर किल्ला. तो लिवेलिन या वेल्श राजाने तेराव्या शतकात बांधला, इंग्रजांनी 1283 मध्ये घेतला आणि वेल्श बंडखोर ओवेन ग्लिंडूरने 1404 मध्ये जिंकून जाळला. किल्ल्याच्या दोन बाजूंना दोन किनारे. पूर्वेकडचा ओहोटीला छान वाळूचा होतो. पोर्थमाडोग पंधरा मिनिटांवर, तिथे मोठी सुपरमार्केट्स, दवाखाना, दोन वाफेच्या रेल्वे. वाळूचाच किनारा हवा तर मध्ये मोर्वा बिखानचा ब्लॅक रॉक सँड्स आहे, दोन मैल लांब. तिथे उन्हाळ्यात पैसे भरून गाडी वाळूवर नेता येते, हे आजोबांसाठी वरदान आहे: गाडीच्या दारातच खुर्ची टाकायची. मात्र दरवर्षी कुणाची ना कुणाची गाडी तिथे भरतीत अडकते. कोरड्या टणक वाळूवरच ठेवा, पाण्याच्या दिशेने नेऊ नका, आणि भरतीची वेळ बघितल्याशिवाय गाडीपासून लांब जाऊ नका.

फ्लॅट निवडताना फोटो शेवटी बघा. आधी मालकाला किंवा एजन्सीला लिहून विचारायचं ते असं. रस्त्यापासून फ्लॅटच्या दारापर्यंत एकूण किती पायऱ्या, आणि आत किती? या किनाऱ्यावरचे बहुतेक फ्लॅट जुन्या चार मजली घरांचे तुकडे पाडून केलेले आहेत, त्यांना लिफ्ट नसते. ‘पहिला मजला’ म्हणजे इथे एक जिना वर. ‘सहा जणांसाठी’ लिहिलं असेल तर सहावा आणि बहुधा पाचवाही माणूस बैठकीच्या सोफ्यावर झोपणार आहे, हे धरून चाला. तुम्हाला तीन खोल्या लागतील, सोफा नको, कारण आजोबा पहाटे पाचला उठतात आणि चहा त्याच खोलीत होतो. अंघोळीला स्वतंत्र शॉवर आहे की टबमध्ये चढून उभं राहायचं? टबची कड गुडघ्याइतकी उंच असते. ज्येष्ठांच्या तक्रारींमध्ये आमच्याकडे हीच सगळ्यात वर असते, समुद्र दिसत नाही ही त्यानंतर. पार्किंग स्वतःचं आहे की ‘रस्त्यावर सहसा मिळतं’? ऑगस्टमध्ये सहसा मिळत नाही. कपडे वाळवायला काय आहे? ड्रायर किंवा निदान रॅक आणि चालू असलेला हीटर, यांच्याशिवाय फ्लॅट घेऊ नका. इथे भिजणं दिवसातून दोनदा होतं, एकदा मुद्दाम आणि एकदा पावसाने. कुत्री चालणाऱ्या फ्लॅटमध्ये कार्पेट असेल आणि घरात कुणाला दम्याचा त्रास असेल तर तो वगळा, कितीही झाडला तरी.

आणि शेगडी. हा प्रश्न मराठी घरं विचारत नाहीत आणि मग शनिवारी संध्याकाळी मला फोन करतात. नूतनीकरण झालेल्या फ्लॅट्समध्ये हल्ली इंडक्शन असतं. तुमचा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर नुसता बसून राहील. तळाला चुंबक चिकटतो का ते घरी बघा. चिकटला तर आणा, नाहीतर इंडक्शनला चालणारा स्टीलचा कुकर आणा. गोल बुडाची कढई काचेच्या कुठल्याच शेगडीवर चालत नाही. फ्लॅटमध्ये चार भांडी असतील, त्यात पोळपाट-लाटणं नसेल. तवा असेलच असं नाही, असला तर खोल आणि नॉनस्टिक. मिसळणाचा डबा, छोटं लाटणं, सपाट तवा, चहाची गाळणी, एक धारदार सुरी आणि न्हाणीघरासाठी एक प्लॅस्टिकचा मग, एवढं पिशवीत घाला. शेवटच्या वस्तूला कुणी हसलं तर हसू द्या. आजी-आजोबांचा आठवडा तिच्यावर अवलंबून आहे.

फोडणी देताना बैठकीतला स्मोक अलार्म वाजतो, कारण स्वयंपाकघर आणि बैठक एकच असतात. चिमणी आधी लावा, खिडकी उघडा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका, मिरच्या शेवटी टाका. अलार्मला शॉवरची टोपी घालणारे पाहुणे आम्हाला दिसतात. कृपया नको, ती जीव वाचवणारी वस्तू आहे. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला तर लगेच पुसा, तासाभराने तो तुमच्या अनामत रकमेत उमटतो. मासे करायचे असतील तर खुशाल करा. ऑगस्टमध्ये इथे मॅकरेल मिळतो, तो आपल्या बांगड्याचाच गोत्रबंधू, थोडा जास्त तेलकट. हळद-मीठ-तिखट-कोकम लावून तळला तर मुलांना फरक कळणार नाही. कोकम मात्र घरून. कातडी-काटे कागदात गुंडाळून बंद डब्यात ठेवा, पिशवी बाहेर ठेवली तर समुद्रपक्षी सकाळपर्यंत सगळ्या गल्लीत वाटून देतील.

किराणा येताना कुठे भरायचा? डाळी, पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं रेडिंगहूनच. त्या किनाऱ्यावर भारतीय किराण्याचं दुकान मिळेल या भरवशावर राहू नका. कोथिंबीर, आलं, मिरच्या, दही, भाज्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. लक्षात ठेवा की इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी राहू शकतात, बहुधा दहा ते चार. तुम्ही शनिवारी संध्याकाळी दमून पोचणार, रविवारी उशिरा उठणार, आणि साडेचारला दूध आणायला निघणार. तेव्हा पोर्थमाडोगमधून जातानाच दोन दिवसांचं घेऊन टाका. बाहेर खाताना शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचाराव्यात. चिप्स कशात तळतात, कारण काही दुकानं अजून गाईच्या चरबीत तळतात. आणि तव्यावरचे वेल्श केक कशात केलेत, कारण जुन्या पद्धतीत त्यातही डुकराची चरबी असते, आणि अंडं बहुतेक असतंच.

प्रवासाबद्दल एकच. रेडिंगहून पाच तास धरा, ऑगस्टच्या शनिवारी सहा. श्रूसबरीनंतर वेल्शपूलवरून जाणारा रस्ता घेतलात तर वाटेत पोविस कॅसल लागतो. रॉबर्ट क्लाइव्ह आणि त्याच्या मुलाने भारतातून आणलेल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत, टिपू सुलतानाचा छापील कापडाचा तंबूही. आजोबांना इतिहासात रस असेल तर दोन तास तिथे द्या, एरवी चेक-इन चार वाजेपर्यंत होत नाही. त्या वस्तू बघून राग येण्याची तयारी मात्र ठेवा. वेल्समध्ये वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यांवर सप्टेंबर 2023 पासून वेगमर्यादा सर्वसाधारणपणे ताशी 20 मैल आहे, तेवढं सांभाळा.

आता समुद्र. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पुणेकरांना सांगावं लागतं: इथे दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. रोज भरतीची वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी क्रिकिएथच्या बाजूला चार मीटरच्या वर चढ-उतार करतं, लँडुडनोला त्याहून बरंच जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. आजींच्या कालनिर्णयावरून आठवड्याचा अंदाज बांधता येतो, पण नेमक्या वेळा स्थानिक तक्त्यावरूनच बघा, आणि तो तक्ता उन्हाळी वेळेत छापलाय की ग्रीनिच वेळेत, हे वर लिहिलेलं असतं ते वाचा. एका तासाचा घोळ इथे पुरेसा असतो. वाळूत खेळायला सगळ्यात छान काळ म्हणजे ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक. पूर्ण भरतीला क्रिकिएथला वाळू फारशी उरत नाही, तेव्हा किल्ला बघा किंवा जेवण करा.

पाणी ऑगस्टमध्येही पंधरा-सोळा अंशांचं असतं. मुलं आत जातील, निळी पडतील आणि तरी बाहेर येणार नाहीत. आखूड बाह्यांचा वेटसूट घ्या, सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळतो. पायात किनाऱ्यावरचे बूट असू द्या, कारण उथळ वाळूत वीव्हर नावाचा छोटा मासा पुरून बसतो आणि त्याचा काटा भयंकर झोंबतो. लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास. बर्फ नको. फुगवलेल्या मगरी आणि तराफे घरीच ठेवा. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल तर पाच मिनिटांत मूल हाकेच्या पलीकडे जातं. सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. जिथे असतात तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. कुणी अडचणीत दिसलं तर 999 आणि ‘कोस्टगार्ड’ मागायचं, मागे धावत पाण्यात शिरायचं नाही. नद्यांच्या मुखांशी, बारमथला आणि पोर्थमाडोगच्या खाडीत, पाणी शांत दिसतं पण ओढ जबरदस्त असते आणि मऊ वाळू पाय धरते. तिथे फक्त बघायचं.

आणि अखेर डोंगर. अर विद्वा 1,085 मीटर. पुणेकर लगेच म्हणतात, कळसूबाई 1,646 आहे. खरं आहे. पण लानबेरिसहून निघताना तुम्ही समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर असता, आणि माथ्यापर्यंत जाऊन परत यायला साडेचौदा किलोमीटर आणि सहा तास लागतात. खाली अठरा अंश असताना वर आठ-दहा, वाऱ्यात त्याहून कमी वाटतं. अकरा वर्षांचं मूल बाबांबरोबर चांगल्या दिवशी लानबेरिसच्या वाटेने जाऊ शकतं, सहा वर्षांच्याला मी नेणार नाही. हवामान खात्याचा डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो तो बघा, गावाचा नको. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पेन-अ-पासहून चढायचं मनात असेल तर तिथलं पार्किंग हंगामात आधी ऑनलाइन घ्यावं लागतं, नाहीतर खालून बस. वर काही झालं तर 999 ला पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू.

आजोबांसाठी लानबेरिसहून माथ्यापर्यंत जाणारी दातेरी रुळांची रेल्वे आहे, 1896 सालची. सगळे हीच सुचवतात. मी जरा हात आखडून सुचवते. तिकीट काही आठवडे आधी काढावं लागतं, म्हणजे हवामान न बघता दिवस ठरवावा लागतो. वारा फार असेल तर गाडी वाटेत क्लोगविनलाच थांबते. माथ्यावर जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि स्टेशनवरून अगदी शिखराच्या खुणेपर्यंत पायऱ्या आहेतच. ढग असेल तर तो अर्धा तास पांढऱ्या भिंतीकडे बघण्यात जातो. सहा माणसांचं तिकीट म्हणजे बरीच रक्कम. आजोबांची फारच इच्छा असेल तर दोघांचं काढा, सकाळची गाडी, आठवड्याच्या मधला दिवस.

त्यापेक्षा पोर्थमाडोगच्या दोन अरुंद रेल्वे घ्या, त्या पावसातही तितक्याच मजेदार. फेस्टिनिओग रेल्वे 1836 मध्ये सुरू झाली, डोंगरातल्या ब्लायनाय गावच्या खाणींतली पाटी-कौलांची स्लेट बंदरावर आणायला. सुरुवातीला भरलेले डबे उतारावरून आपोआप खाली यायचे आणि रिकामे डबे घोडे वर ओढायचे, 1863 पासून वाफेची इंजिनं आली. रूळ दोन फुटांहून किंचित कमी अंतराचे, जवळजवळ आपल्या माथेरानच्या गाडीच्या मापाचे. इतक्या अरुंद रुळांवर खरी रेल्वे चालू शकते, हे या मार्गाने जगाला दाखवलं, आणि दार्जिलिंगसारख्या डोंगरी रेल्वेंना त्याचा आधार मिळाला. वर ब्लायनायला पोचलात की चहूकडे स्लेटच्या कचऱ्याचे करडे डोंगर. राष्ट्रीय उद्यानाची हद्द आखताना हे गाव मधोमध असूनही बाहेर ठेवलं गेलं. हाच भाग 2021 मध्ये जागतिक वारसा ठरला.

दुसरी वेल्श हायलँड रेल्वे पोर्थमाडोगहून कायरनार्व्हनला जाते, पंचवीस मैल. पूर्ण जायची गरज नाही. अबरग्लासलिनच्या खिंडीतले बोगदे ओलांडून बेद्गेलर्टला उतरा. गाव चित्रातलं, नदीकाठची वाट सपाट, आजोबा सहज चालतील. वाटेच्या टोकाला गेलर्ट कुत्र्याची समाधी. गोष्ट अशी की राजा शिकारीहून आला, पाळणा उलटा, कुत्र्याच्या तोंडाला रक्त. त्याने कुत्र्याला मारलं, आणि मग पाळण्याखाली बाळ सुखरूप, शेजारी मेलेला लांडगा. आजी अर्ध्यातच म्हणतील, ही तर मुंगसाची गोष्ट. बरोबर आहे, पंचतंत्रातलं मुंगूस आणि साप फिरत फिरत युरोपभर गेले आणि वेल्समध्ये त्यांचे कुत्रा आणि लांडगा झाले. समाधी बरीच अलीकडची. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या खानावळवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून उभारली, असं मानलं जातं.

डोंगरात पायी जायचा एक दिवस मुलांसाठी हवाच, तो ऑग्वेनहून इद्वल तलावाचा. क्रिकिएथहून गाडीने पाऊण-एक तास. दगडी बांधीव वाट, तलावापर्यंत वर जायला अर्धा-पाऊण तास, सहा वर्षांचं मूल चालतं. चहूकडे काळे कडे. 1831 मध्ये तरुण चार्ल्स डार्विन भूशास्त्रज्ञ सेजविकबरोबर इथे जीवाश्म शोधत हिंडला, आणि समोर पसरलेल्या हिमनदीच्या खुणा दोघांपैकी एकालाही दिसल्या नाहीत. त्याने पुढे स्वतःच हे लिहून ठेवलंय. थोरल्याला सांगा की खडकांवरचे ओरखडे शोध, ते डार्विनला चुकले होते. तो दिवसभर शोधत राहील. त्या दिवशी आजी-आजोबा क्रिकिएथलाच राहू शकतात. दीड मैलावर लानिस्टुमदुई आहे, लॉइड जॉर्ज जिथे वाढला आणि जिथे नदीकाठी पुरला गेला. भारताला हळूहळू स्वशासन देण्याची 1917 ची माँटेग्यू घोषणा त्याच्याच ब्रिटनच्या पंतप्रधानपदाच्या काळातली, तेव्हा तिथलं छोटं संग्रहालय आजोबांना अनोळखी वाटणार नाही.

पूर्ण पावसाच्या दिवशी किल्ले बघायला जाऊ नका, कायरनार्व्हन काय आणि हार्लेख काय, बहुतेक भाग उघडाच आहे आणि गोल जिने निसरडे होतात. त्या दिवशी फेस्टिनिओग, नाहीतर फ्लॅटमध्ये खिचडी आणि पत्ते. हार्लेख कोरड्या संध्याकाळी बघा. 1283 ते 1289 मध्ये बांधला तेव्हा समुद्र पायथ्याशी होता, आता मध्ये वाळूच्या टेकड्या आल्यात. तटावरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला अर विद्वाची रांग. ज्यांना माथ्यावर जायला जमलं नाही त्यांना स्नोडन इथून नीट दिसतं, आणि ढग नसतील तर माथ्यावर गेलेल्यांपेक्षा चांगलं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो.

आजी-आजोबांचा प्रवासविमा वेल्समध्येही चालतो, वेगळं काही काढावं लागत नाही. पण विमा असायलाच हवा, कारण भेटीला आलेल्यांना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपचारांचे पैसे लागतात. मोठं रुग्णालय बँगोरला, क्रिकिएथहून पाऊण तासाच्या पुढे. नेहमीच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या बरोबर घ्या, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो फोनमध्ये. डोंगरात फोनला रेंज जाते, तेव्हा नकाशे घरून उतरवून घ्या.

तुम्ही शेवटी विचारलंत की आजी-आजोबा ऑक्टोबरअखेरपर्यंत असतील तर तेव्हा जावं का. समुद्रात डुंबणं हा मुख्य हेतू नसेल तर मी हो म्हणेन. ऑगस्टचा दर हा वर्षातला सगळ्यात चढा. शिवाय 2023 पासून वेल्समध्ये सुट्टीच्या घराला व्यावसायिक करात राहायचं असेल तर ते वर्षातून किमान 182 दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं असावं लागतं, नाहीतर मालकाला घरपट्टी भरावी लागते, आणि दुसऱ्या घरांवरची घरपट्टी तिथे जबर आहे. त्यामुळे शरद ऋतूत दिवस भरायची मालकांना घाई असते. ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आठवड्यासाठी सप्टेंबरच्या मध्यावर थेट लिहून भाव विचारा, सात रात्रींऐवजी चार देणारेही तेव्हा भेटतात. फक्त हीटरचा खर्च भाड्यात धरलाय का, तेवढं लेखी घ्या.